संगणकीय संहितेतील ‘ऱ’ : एक अलक्षित पाठभेद

पाठभेद हा हस्तलिखितांच्या अभ्यासाचा विषय मानला जातो. संगणकावर उतरविलेल्या संहितेतही पाठभेद संभवतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, याकडे मराठीच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचेच उदाहरण घ्यावे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते. चाकण परिसरात शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. या प्रदेशाविषयीच्या लेखनात ‘वारकऱ्यांचा’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांनी’ ही रूपे पदोपदी येणारच. या तिन्ही रूपांत ‘ऱ्या’ आहे, आणि युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु संकेत जसेच्या तसे पडताळणाऱ्या शोधाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. एखाद्या प्रणालीने जोडचिन्ह गाळले, तर ‘वारकर्यांचा’ असे अशुद्ध रूप उरते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेदच मग पुसला जातो.

या द्वैताला इतिहास आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केलेल्या ‘इस्की’ संहितेत ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. जोडचिन्हाची पद्धत पुढे युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी टिकून राहिली. फ्रेंचमधील स्वरचिन्हांकित ‘ए’ हाही युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पण त्याची दोन्ही रूपे समान मानण्याचा नियम तेथे आहे. ‘ऱ्या’च्या या दोन रूपांना तो लागू होत नाही.

हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो मान्य होण्याजोगा नाही. शब्दांच्या वारंवारितेवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधात निम्मे ‘शेतकऱ्यांना’ मोजणीतून निसटले, तर दोष यंत्राचा नसून संपादनाचा ठरतो. म्हणून संगणकीय संहिता सिद्ध करताना ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्णच वापरावा, जुन्या संहिता त्यानुसार एकरूप कराव्यात, आणि हा निर्णय प्रस्तावनेत नोंदवावा. हस्तलिखितांच्या संपादकाकडून जी दक्षता अपेक्षिली जाते, तीच येथेही अपेक्षित आहे.