राखणदाराची राखण

सदर : चावडी

ओझरहून गोदाकाठाकडे निघालं की दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि ऊस लागतो. थंडीच्या दिवसांत उसाच्या फडात बिबट्या येतो, हे निफाड तालुक्यात आता कुणाला नवं नाही. रात्री मळ्यातली कुत्री एकदम गप्प होतात, गोठ्यातलं वासरू दावं ओढायला लागतं आणि घरातला माणूस मोबाईल उचलतो. वनखात्याचा नंबर त्याच्याजवळ असतोच असं नाही. पोलीस ठाणं लांब असतं. पहिला फोन जातो पोलीस पाटलाला. तो उठतो, बॅटरी घेतो आणि पुढचे चार फोन तो करतो. विहिरीत प्रेत तरंगताना दिसलं, बांधावरून कोयते निघाले, शिवारात अनोळखी माणसं उतरली, तरी पहिला फोन त्यालाच जातो.

या माणसाच्या हातात सत्ता किती आहे आणि असावी किती, हा या आठवड्याचा विषय. त्यासाठी आधी साता समुद्रापलीकडच्या त्याच्या एका नातेवाइकाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव शेरीफ.

शेरीफ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला, छातीवर तारा लावलेला घोडेस्वार येतो. तो अमेरिकेतला, अलीकडचा. मूळ शेरीफ इंग्लंडचा आणि हजार वर्षांहून जुना. तिथे ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. शायरचा रीव्ह तो शेरीफ. रीव्ह गावालाही असायचा. गावच्या शेतीचा नि साऱ्याचा हिशेब तो ठेवायचा. म्हणजे गावचा रीव्ह हा आपला पाटील आणि परगण्याचा रीव्ह, म्हणजेच शेरीफ, हा आपला देशमुख. राजाचा वसूल गोळा करणं, परगण्याचं न्यायासन चालवणं, गुन्हेगार धरणं, राजाचे हुकूम बजावणं ही सगळी कामं या एकाच माणसाकडे होती.

चोरी झाली की त्या काळचं इंग्लंड काय करी? ज्याच्या कानावर आलं त्याने आरोळी ठोकायची आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातचं काम टाकून चोरामागे धावायचं. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने तर चोर सापडला नाही तर भरपाईची जबाबदारी त्या भागातल्या लोकांवर टाकली. आपल्या गावगाड्यात हेच काम जागल्या करी. चोराच्या पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई. माग पलीकडच्या गावात गेला, की तो पुढे नेण्याची जबाबदारी त्या गावाची. तिथे माग मुरला तर भरपाईही त्याच गावाच्या माथी. दोन देशांची कधी भेट नव्हती, तरी दोघांना एकच गोष्ट उमगली होती. राखण एकट्या शिपायाने होत नाही, गाव जागं असावं लागतं.

पण दोन्हीकडे दुखणंही एकच निघालं. पैसा जमवणारा, आरोप ठेवणारा, निवाडा करणारा आणि कोठडीची किल्ली बाळगणारा माणूस एकच असला, की कुंपणच शेत खायला लागतं. ११७० साली दुसऱ्या हेन्री राजाने शेरीफांची देशभर चौकशी लावली आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना घरी बसवलं. १२१५ च्या मॅग्ना कार्टाकडे प्रजेच्या हक्कांची सनद म्हणून पाहिलं जातं, पण तिच्यात शेरीफांच्या जाचाची गाऱ्हाणी भरलेली आहेत. शेरीफाने राजद्रोहासारखे मोठे खटले चालवू नयेत. मालकाच्या मर्जीविरुद्ध त्याचे घोडे नि गाड्या नेऊ नयेत. ज्याला देशाचा कायदा ठाऊक आहे आणि जो तो पाळणार आहे, त्यालाच या पदावर नेमावं. वेठबिगारीने पिचलेल्या आपल्या जुन्या गावकऱ्याला ही कलमं वाचून दाखवली असती, तर त्याने लगेच मान डोलावली असती.

आपल्याकडे हाच प्रश्न १६४६ च्या जानेवारीत रांझे गावात उभा राहिला. खेड शिवापूरजवळच्या या गावच्या पाटलाने, बाबाजी गुजराने, एका स्त्रीवर अत्याचार केला. शिवाजीराजांनी त्याला समोर आणवलं, चौकशी केली, हात-पाय तोडण्याची शिक्षा दिली आणि पाटीलकी जप्त केली. राजांचं वय तेव्हा विशीच्या आतलं. गावचा पाटीलही कायद्याखाली आहे, हे मावळाला त्या दिवशी कळलं. या प्रकरणाची दुसरी बाजूही पाहावी लागते. जप्त झालेली पाटीलकी पुढे रक्कम भरून घेऊन त्याच गुजर भाऊबंदांतल्या सोनजीला दिली गेली. माणसाला शिक्षा झाली, पद मात्र भाऊबंदकीत राहिलं. त्या काळाच्या रीतीत पाटीलकी हे वतन होतं. ती विकत घेता येई, वाटून घेता येई, तिच्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडता येई.

अधिकाराला मालमत्ता मानलं की काय होतं, ते शहरानेही पाहिलं. १७९१ साली पुण्यात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत माणसं गुदमरून मेली, तेव्हा चिडलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. कोतवालाच्या अधिकाराला आवर घालणारी कुठलीच सनदशीर वाट नव्हती, म्हणून हिशेब दगडांनी झाला. त्यात न्याय होता असं मला वाटत नाही. वेळेवर प्रश्न विचारायची सोय नसली की काय घडतं, एवढंच त्यातून शिकायचं.

इंग्रजांनी १८६७ चा ग्राम पोलीस कायदा केला, १८७४ चा वतन कायदा केला आणि पाटीलकी कागदावर आणली. किरकोळ शिवीगाळ-मारहाणीसाठी चावडीत कोंडून ठेवण्याची मुभाही पाटलाला होती. वंशपरंपरा मात्र त्यांनी मोडली नाही. वतनाच्या या उतरंडीत सर्वांत खाली होता महार. गावाची वेस राखायची, सरकारी टपाल न्यायचं, साहेबाच्या मुक्कामाला हजर व्हायचं, दिवस म्हणायचा नाही की रात्र. मोबदला तुटपुंजा, आणि तो मागितला की अपमान. १९२८ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक मांडलं, ते या अन्यायावर बोट ठेवून. पाटलाच्या काठीची ऐट बघताना ती काठी कुणाच्या पाठीवर टेकून उभी होती, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवलं. ती वतनं जायला पुढे तीस वर्षं लागली.

शेरीफ प्रत्यक्ष मुंबईतही आला. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला इंग्रजी न्यायालयं मिळाली आणि त्यांच्या बरोबर शेरीफ. समन्स बजावणं, पंच जमवणं, कर्जबुडव्याला तुरुंगात टाकणं ही त्याची कामं. एकोणिसाव्या शतकात त्यात एका सुंदर रिवाजाची भर पडली. नागरिकांनी सह्यांचा अर्ज केला की शेरीफ टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलावी. १८६९ आणि १८७१ साली हे पद भूषवलं डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गोव्यात जन्मलेला, गरिबांना औषध देणारा, शिलालेख वाचणारा मराठी माणूस शहराचा शेरीफ झाला होता. १८७९ साली प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग शेरीफ झाले.

मराठीत आपण त्या पदाला नगरपाल म्हणतो. दिलीप कुमार, सुनील गावसकर ही नावं त्या यादीत पुढे आली. आज ते मानाचं पद आहे. तरी जुन्या कामाचा एक धागा अजून तुटलेला नाही. उच्च न्यायालयाने एखाद्या जहाजाला अटक करण्याचा हुकूम दिला, तर तो बजावायला शेरीफाच्या कार्यालयाचा माणूस बंदरावर जातो. कारण सरळ आहे. हुकूम देणारं न्यायालय वेगळं आणि बजावणारं कार्यालय वेगळं. कुठल्या जहाजाला अटक करायची, हे शेरीफ स्वतः ठरवत नाही. शेरीफाच्या हजार वर्षांच्या वाटचालीतून माणसाने कमावलं ते हेच. एका मुठीतले अधिकार सोडवून ते वेगवेगळ्या हातांत दिले.

महाराष्ट्रानेही ही सोडवणूक केली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली आणि दप्तर तलाठ्याकडे आलं. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. आता पंचवीस ते पंचेचाळीस वयाचा गावचाच रहिवासी अर्ज करतो, ८० गुणांची लेखी परीक्षा नि २० गुणांची तोंडी देतो आणि प्रांत त्याला नेमतात. महिलांना आरक्षण आहे. ज्या घरांच्या आजोबा-पणजोबांना चावडीच्या पायरीवर बसायची परवानगी नव्हती, त्या घरांतल्या मुली आज पोलीस पाटील आहेत. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आपण त्याचा पुरेसा अभिमान बाळगत नाही.

पण सत्ता काढून घेताना आपण या माणसाच्या खांद्यावर काय ठेवलं, तेही मोजायला हवं. गुन्ह्याची खबर द्यायची, अनैसर्गिक मृत्यू झाला की ठाण्याला कळवून पंचनाम्याला उभं राहायचं, दंडाधिकाऱ्याचे हुकूम बजावायचे, गावच्या शांततेवर लक्ष ठेवायचं, साथ आली तर वर कळवायचं. मानधन मार्च २०२४ मध्ये महिना १५ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. त्याआधी ते साडेसहा हजार होतं. रात्रीबेरात्री वाळूचा उपसा कळवणारा माणूस ज्या गावात तक्रार करतो, त्याच गावात दुसऱ्या दिवशी दळण आणायला जातो. त्याच्या पाठीशी ना वर्दी असते ना कंपाउंडच्या आत घर.

जुनी ताकद त्याला परत द्या, असं मी म्हणणार नाही. चावडीत कुणाला कोंडण्याचा अधिकार ज्या हातातून गेला, तो गेला हेच बरं झालं. आपसात मिटवतो म्हणत बाईवरचा अत्याचार दडपण्याचा अधिकारही त्याला नाही आणि कधीच नसावा. पोलीस पाटलाचं खरं बळ त्याच्या ओळखीत आहे. कुठल्या मळ्यात नवं बिऱ्हाड आलं, कुठल्या भावांचा बांध पेटलाय, कोणत्या घरातली सून महिनाभर बाहेर दिसली नाही, हे ठाण्यातल्या नोंदवहीत येण्याआधी त्याला कळतं.

ओझरमध्ये राहून मला हे रोज जाणवतं. १९६४ साली इथे विमानांचा कारखाना आला आणि देशभरची माणसं आली. मुंबई-आग्रा महामार्ग रुंदावला, आता नगरपरिषदही झाली. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेत बारागाड्या ओढल्या जातात, तेव्हा बाणगंगेकाठच्या गर्दीतले किती चेहरे कोणाच्या ओळखीचे असतात? गाव शहर होताना सगळ्यांत आधी जाते ती ही ओळख, आणि तिच्याबरोबर राखणही जाते. आसपासच्या खेड्यांत ती अजून शिल्लक आहे. ती जपणाऱ्या माणसाला एकटं पाडून कसं चालेल?

म्हणून चार मागण्या मांडतो. पोलीस पाटलाची जागा रिकामी झाली की ती वेळेत भरली जावी. एकाच्या गळ्यात चार गावं अडकवू नयेत. नेमणुकीनंतर कायद्याचं नीट शिक्षण मिळावं. १२१५ सालचं ते कलम आजही तितकंच रास्त आहे. त्याने दिलेली खबर कुणाविरुद्ध होती, हे गावात फुटू नये, ही ठाण्याची जबाबदारी असावी. आणि ग्रामसभेने वर्षातून एकदा तरी त्याच्या कामाचा आढावा घ्यावा. चौथी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंग्लंडचा शेरीफ, पुण्याचा कोतवाल, रांझ्याचा पाटील, या तिघांनाही विचारणारं खालून कुणी नव्हतं. विचारणारा वरून आला तर आला, नाही तर दगड आले.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरते. यंदा त्यातल्या एका सभेला जा. पोलीस पाटील समोर बसलेला किंवा बसलेली असेल. गेल्या वर्षी किती खबरा दिल्या, कुठे अडचण आली, आमच्याकडून काय हवं, एवढं मोकळेपणाने विचारा. वासरू दावं ओढायला लागेल त्या रात्री आपण त्याला उठवणारच आहोत. दिवसाउजेडी त्याच्या शेजारी उभं राहणं, हे आपलंही काम आहे.

(लेखक ग्रामकारभाराचे अभ्यासक असून ओझर येथे राहतात.)