माऊस घेण्याआधी काम बघा

शहाद्याच्या दुकानात माऊस मागितला की काउंटरवर दोन खोके येतात. एक वायरचा, दोनशे-तीनशे रुपयांचा. दुसरा वायरलेस, त्याच्या दुपटीच्या आसपास. महाग ते चांगलं असं आपल्या मनात बसलेलं असतं, त्यामुळे चार पैसे हाताशी असले की आपण दुसरा उचलतो. ब्राह्मणपुरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या भावा-बहिणींना माझं सांगणं आहे की किंमत आणि नवेपणा बाजूला ठेवा. हा माऊस कोण वापरणार, किती जण वापरणार आणि तो बंद पडला तर कोणाचं काम अडणार, हे आधी स्वतःला विचारा.

एवढ्याशा वस्तूवर एवढं काय बोलायचं, असं ज्याला वाटतं त्याने पीक विम्याची मुदत संपत आली असताना सेवा केंद्राच्या दारात थोडा वेळ उभं राहावं. त्याच दिवसांत मुलांच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा असतो, उत्पन्नाचा हवा असतो. पोर्टल कधी चालतं, कधी थांबतं. चालू झालं आणि नेमका तेव्हाच पडद्यावरचा बाण हलेनासा झाला, तर रांगेतल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि उद्या पुन्हा बुडते. आपल्याच तालुक्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतरच्या वर्षांत रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन, सातबारा असं एकेक करत सगळं पडद्यावर गेलं. ज्या गावाचे व्यवहार पडद्यावरून होतात, त्या गावात माऊस ही किरकोळ वस्तू राहत नाही.

वायरलेस म्हणजे काहीतरी आजकालचं, असाही एक समज आहे. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी संशोधकाने 1964 च्या सुमारास पहिला माऊस बनवून घेतला, तो लाकडी ठोकळ्याचा होता, खाली दोन चाकं आणि मागे वायर. रेडिओ लहरींवर चालणारा माऊस लॉजिटेक कंपनीने 1991 मध्ये बाजारात आणला. म्हणजे वायरलेसलाही तीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वायरचा माऊस बाजारातून गेलेला नाही, कारण काही कामांना तोच बरा पडतो.

आता वायरलेस चालतो कसा ते बघू, कारण त्याचे बहुतेक त्रास तिथूनच येतात. त्याच्याबरोबर नखाएवढी एक डोंगल येते, ती संगणकाच्या यूएसबीत बसवायची. माऊस आणि डोंगल एकमेकांशी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात. माऊसच्या पोटात एक पेन्सिल सेल असतो, तो संपला की माऊस थांबतो. वायरच्या माऊसला वीज संगणकाकडूनच मिळते, त्याला सेल नाही आणि डोंगलही नाही. जितक्या वस्तू कमी, तितक्या बिघडायच्या आणि हरवायच्या जागा कमी.

डोंगल हरवणं हा वायरलेसचा सगळ्यात मोठा तोटा, आणि दुकानदार तो सांगत नाही. सेल संपला तर गावातल्या किराणा दुकानात मिळतो. डोंगल हरवली तर साध्या माऊसच्या बाबतीत तो माऊस गेलाच म्हणून समजा, कारण दुसऱ्याची डोंगल त्याला चालत नाही. काही कंपन्यांच्या काही माऊसना नवी डोंगल जोडता येते, पण ती वेगळी मागवावी लागते आणि जोडायला जाणकार माणूस लागतो. हरवलेली डोंगल वॉरंटीत बसत नाही. त्यातून घरात लहान लेकरू असेल तर ही डोंगल त्याच्या तोंडात जाण्याएवढी बारीक आहे, हे आईबापांनी विसरू नये.

शाळेच्या संगणक खोलीत याचा आणखी एक प्रकार होतो. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे पाच-सहा वायरलेस माऊस घेतले जातात. साफसफाईत किंवा मुलांच्या खेळात डोंगलींची अदलाबदल होते. मग या टेबलावरचं पोर माऊस हलवतं आणि बाण त्या टेबलावरच्या पडद्यावर पळतो. गुरुजींचा अर्धा तास कुठली डोंगल कोणाची हे शोधण्यात जातो आणि पोरांचा तास संपतो. ज्या शाळेला असे माऊस आधीच मिळाले आहेत, त्यांनी आजच चिकटपट्टीवर आकडा लिहून माऊसला आणि त्याच्या डोंगलला एकच आकडा लावावा. नवीन घ्यायचे असतील तर शाळेसाठी वायरचेच घ्यावेत. देणगी देणाऱ्यांनाही हेच सांगा. दहा वायरलेसच्या पैशांत वीसेक वायरचे येतात, आणि एक बिघडला तर काढून ठेवलेला दुसरा लगेच लावता येतो.

सेवा केंद्र चालवणाऱ्या भावांना मी जरा आग्रहाने सांगतो. तुमच्या टेबलावर थंब मशीन, प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा, कीबोर्ड असं सगळं असतं आणि यूएसबीच्या जागा पुरत नाहीत. म्हणून एकाच डोंगलवर चालणारी वायरलेस कीबोर्ड-माऊसची जोडी सोयीची वाटते. जागा वाचते हे खरं आहे. पण कीबोर्डवर तुम्ही लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, मोबाईल नंबर आणि तुमचा स्वतःचा पासवर्ड टाकता. 2016 च्या फेब्रुवारीत बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की बऱ्याच नामांकित कंपन्यांच्या वायरलेस माऊस-कीबोर्डच्या डोंगलमध्ये दूर बसलेला माणूस घुसू शकतो आणि आपल्या संगणकावर हवं ते टाइप करू शकतो. त्याच वर्षी त्यांनी असेही काही स्वस्त कीबोर्ड दाखवले, ज्यांवर दाबलेलं अक्षर न अक्षर हवेतून उघडं जात होतं, कोणीही ते टिपू शकत होतं. मोठ्या कंपन्यांनी पुढे दुरुस्त्या आणल्या. नाव नसलेल्या स्वस्त मालात काय आहे, हे तुम्हाला आणि मला बाहेरून कळत नाही. लोक विश्वासाने कागद तुमच्या हातात देतात. तिथे कीबोर्ड वायरचाच हवा, यात मला काहीच तडजोड दिसत नाही. माऊसही वायरचाच ठेवा. जागा कमी पडत असेल तर चांगला यूएसबी हब घ्या. संगणक जुना असेल आणि मागे गोल, हिरवं छिद्र असेल तर ते माऊसचंच आहे. त्या पिनचा वायरचा माऊस अजून मिळतो आणि एक यूएसबी मोकळी होते.

मग वायरलेस कोणी घ्यावा? ज्याचा लॅपटॉप त्याच्याबरोबर फिरतो आणि ज्याचा माऊस दुसरं कोणी वापरत नाही, त्याने खुशाल घ्यावा. वर्गात पडद्यावर धडा दाखवणाऱ्या शिक्षकाला तर तो फार उपयोगी आहे. वायर असली की मास्तर टेबलाला बांधलेले राहतात. वायरलेस हातात असला की शेवटच्या बाकापर्यंत जाता येतं, मागे बसलेल्या मुलीच्या हातात माऊस देता येतो आणि तिला तिथूनच उत्तरावर क्लिक करायला सांगता येतं. साधारण आठ-दहा मीटरपर्यंत तो नीट चालतो, आपल्या वर्गखोलीला तेवढं पुरतं. शहाद्याला किंवा नंदुरबारला खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही, ज्याचं टेबल म्हणजे मांडीवरची पाटी, त्याला वायर अडचणीची होते. अशा माणसाने माऊसच्या पोटात डोंगल ठेवायची खाच आहे का हे बघून घ्यावं, आणि वापर झाला की डोंगल तिथेच ठेवायची सवय लावावी.

गावातल्या घरांसाठी वायरलेसचा एक फायदा कंपन्या जाहिरातीत लिहीत नाहीत. ज्या खोलीत संगणक त्याच खोलीत ज्वारी-गव्हाची पोती असतात, आणि पोती आली की उंदीर आले. उंदीर रात्रीतून वायर कुरतडतात. तुमच्या घरी असं वारंवार होत असेल तर वायरलेस घेण्याला ते पुरेसं कारण आहे. एरवी वायरचा माऊस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मरतो, ते म्हणजे वायर माऊसमध्ये शिरते त्या मानेपाशी. तिथे वायर दुमडली जाते आणि आतली तार तुटते. वायर माऊसभोवती आवळून गुंडाळू नका, ओढून ताणून वापरू नका, एवढ्याने त्याचं आयुष्य बरंच वाढतं. तार तुटलीच तर दुरुस्तीवाला तेवढा तुकडा कापून जोडून देऊ शकतो.

वायरलेस घेतलेल्यांसाठी आता सेलचं सांगतो. खोक्यावर बारा महिने, अठरा महिने असं लिहिलेलं असतं. तो हिशोब चांगल्या अल्कलाइन सेलचा आणि बेताच्या वापराचा असतो. दिवसभर चालणाऱ्या केंद्रात तो तेवढा टिकत नाही. घड्याळात घालतो तो सगळ्यात स्वस्त सेल माऊसमध्ये घालू नका, तो लवकर संपतो आणि संपल्यावर पाझरतो. पाझरलेल्या सेलने आतली पत्री गंजते आणि माऊस कायमचा जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि शाळेची संगणक खोली जूनपर्यंत बंद असते. सुट्टी लागायच्या दिवशी सगळे सेल काढून ठेवा. रोज काम संपल्यावर माऊसच्या पोटाखालचं बटण बंद करा. रिचार्ज होणारे पेन्सिल सेल बहुतेक माऊसना चालतात, आणि रोज वापर असेल तर वर्षभरात तेच परवडतात.

वायरलेसचा बाण अडखळत असेल, उड्या मारत असेल, तर माऊस बिघडला असं लगेच ठरवू नका. डोंगल सीपीयूच्या मागे, लोखंडी टेबलाच्या आड लावलेली असेल तर ती पुढच्या बाजूला लावा. निळ्या यूएसबीत पेन ड्राईव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल आणि शेजारीच डोंगल असेल तर तिच्या लहरींना अडथळा येतो. दोघांत अंतर ठेवा किंवा छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल पुढे आणा. माऊसच्या पोटातल्या छिद्रात केस किंवा कापसाचा तंतू अडकलेला नाही ना ते बघा, कापूस निघायच्या दिवसांत हे फार होतं. काचेवर आणि चकचकीत सनमायकावर अनेक माऊस नीट चालत नाहीत, खाली वहीचं पुठ्ठ्याचं पान ठेवलं तरी काम भागतं. यातले डोंगलचे सोडून बाकीचे उपाय वायरच्या माऊसलाही जसेच्या तसे लागू आहेत.

नव्याने शिकणाऱ्यांना, म्हणजे बचत गटाच्या हिशोबासाठी माऊस पहिल्यांदा हातात घेणाऱ्या ताईंना किंवा साठी ओलांडलेल्या बाबांना, वायरचाच द्या. वायरलेस माऊस सेल वाचवण्यासाठी मधूनच झोपतो, मग हलवल्यावर किंवा क्लिक केल्यावर क्षणभराने जागा होतो. सरावाच्या माणसाला ते कळतही नाही. नवशिक्याला मात्र वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो हात मागे घेतो. शिकताना आलेली ही भीती घालवायला फार वेळ लागतो. त्यांच्यासाठी संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बाणाचा वेग कमी करून द्या, डबल क्लिकचाही वेग कमी करा. हाताला कंप असलेल्या माणसाला याने खूप सोपं जातं. दिवसभर माऊस धरणाऱ्याने, वायर असो वा नसो, तळहात भरेल एवढा माऊस घ्यावा. लॅपटॉपबरोबरचे चिमुकले माऊस बोटांत चिमटून धरावे लागतात आणि संध्याकाळी मनगट दुखतं.

ऐन वेळी माऊस गेला आणि दुसरा हाताशी नाही, तर फॉर्म सोडून उठू नका. विंडोजच्या संगणकावर डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विचारेल तिथे एंटर दाबा. मग कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो: 8 ने वर, 2 ने खाली, 4 आणि 6 ने डावी-उजवीकडे, आणि 5 दाबलं की क्लिक. हळू चालतं, पण मुदतीच्या दिवशी अर्ज भरून होतो. केंद्रचालकांनी हे एकदा आजच करून बघावं आणि खणात वायरचा एक जादा माऊस कायम ठेवावा.

शेवटची विनंती ग्रामपंचायतीला आणि घराघरातल्या मंडळींना आहे. संपलेले सेल उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचं खत होतं, ते खत कापसाच्या, पपईच्या, केळीच्या वावरात जातं आणि सेलमधली रसायनंही त्याच्याबरोबर जातात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण गावातला सेल तिथपर्यंत पोहोचायला कोणीतरी तो आधी गोळा करायला हवा. ग्रामपंचायतीने सेवा केंद्राच्या दाराशी झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा ठेवावा. माऊसचे, रिमोटचे, घड्याळाचे, बॅटरीचे सगळे सेल लोकांनी त्यात टाकावेत, आणि डबा भरला की ग्रामपंचायतीने तो संकलन केंद्रापर्यंत पोहोचवावा.