देवघरातली फुले : जास्वंद

आश्विनातल्या अमावास्येला आपल्याकडे घरोघर लक्ष्मीपूजन होते, त्याच रात्री बंगालमध्ये कालीपूजा चाललेली असते. आपल्या लक्ष्मीपुढे झेंडू आणि शेवंती. तिकडे कालीमातेच्या गळ्यात तांबड्याभडक जास्वंदीचा हार, कित्येकदा मोजून 108 फुलांचा. बंगाली माणूस तिला ‘जबा’ म्हणतो. संस्कृतातल्या ‘जपा’ किंवा ‘जवा’ या नावाचेच हे रूप.

या फुलाविषयी एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई दर संकष्टीला गणपतीला 21 जास्वंदी वाहत. वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली, परसातले झाड गेले. बाजारात फुले मिळतात ती थोडी आणि मलूल. सासूबाई मनातून कष्टी असतात. सूनबाई विचारतात, “व्रत मोडले का? आणि बिनवासाच्या या फुलाचे देवाला एवढे अगत्य तरी का?”

प्रश्न फुलाचा दिसतो, पण आहे तो एका म्हाताऱ्या जिवाच्या समाधानाचा. तेव्हा नीट पाहू.

गणपती अथर्वशीर्षात देवाला लाल गंध, लाल वस्त्र आणि लाल फुले सांगितली आहेत; जास्वंदीचे नाव मात्र नाही. महत्त्व आहे ते लाल रंगाला. नवग्रहस्तोत्राच्या पहिल्याच श्लोकात सूर्याला जपाकुसुमाची उपमा दिली आहे. लाल हा उगवतीचा रंग आणि गणपती हा आरंभाचा देव, अशी ही जोडी जमते. बंगालमध्ये तोच रंग रक्ताचा आणि शक्तीचा होतो. मुसलमान घरात जन्मलेल्या काझी नझरुल इस्लाम यांनीही जवेच्या फुलाला साद घालणारे श्यामासंगीत लिहिले. फुलाला जातपात कुठली!

याहून खोल अर्थ शास्त्रकारांनी काढला. सांख्यात आणि वेदान्तात एक दृष्टान्त नेहमी येतो. स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. फूल उचलले की पहिल्यासारखा निर्मळ. लाली फुलाची, स्फटिकाची नव्हे. तसा आत्मा सुखदुःखाशेजारी बसून रंगल्यासारखा दिसतो, इतकेच. रोज देवापुढे फूल ठेवणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की आपल्या हातात वेदान्ताचा एक पाठच आहे!

आता वासाचे. मोगरा, चाफा दुरूनच आपली वर्दी देतात. जास्वंदीजवळ तसे काही नाही. पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांची नळी आणि तिच्या टोकाला पाच बारीक लाल ठिपके, एवढाच तिचा संसार. सकाळी उमलायचे, संध्याकाळी मिटायचे. आपल्या बागेतल्या जास्वंदीला फळही सहसा धरत नाही. झाड वाढते ते फांदी लावून, या घरातून त्या घरात मागून नेलेल्या फांदीवर. वासाचा डौल नाही, उद्याची आशा नाही, फळाची अपेक्षा नाही. गीतेतला निष्काम कर्मयोग परसदारी लावायचा म्हटला, तर याहून चांगले झाड सापडणार नाही.

मौज अशी की, तिकडे कोरियात जास्वंदीच्याच कुळातले एक फूल राष्ट्राचे मानतात. त्याच्या ‘मुगुंगह्वा’ या नावाचा आशय ‘कधी न कोमेजणारे फूल’ असा आहे. वास्तविक तेही एका दिवसाचेच पाहुणे. पण आज एक मिटले की उद्या दुसरे हजर, असे झुडूप महिनोन् महिने फुलत राहते. टिकतो तो क्रम, फूल नव्हे.

भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. 21 हा आकडा भक्तीच्या सोयीसाठी आहे, भक्ती आकड्यासाठी नाही. शेजाऱ्याच्या कुंपणातून पहाटे गुपचूप तोडलेल्या 21 फुलांपेक्षा घरच्या कुंडीतले एक फूल केव्हाही थोर. पावसाळ्याच्या तोंडाशी कुणाकडून तरी पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी मागून आणा आणि कुंडीत लावा. ती सासूबाईंच्या हातानेच लावा. ऊन येईल अशा गॅलरीत कुंडी ठेवा. फुले येऊ लागली की संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी टपोरी कळी काढून ठेवा. सकाळी ती उमलेल आणि पाण्यावाचूनही दिवसभर टवटवीत राहील.

व्रत मोडलेले नाही, बाई. त्याचे झाड तेवढे नव्याने लावायचे आहे. आणि त्याची पहिली फांदी पुढे कुणी मागितली, तर नाही म्हणू नका.