खुर्जी कुठे घासते, ते आधी पाहा



आपले तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात येथील कापड गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदराला जात असे, अशी नोंद आहे. तेव्हा माल लादण्याची विद्या आपल्याला नवी नाही. बदलले आहे ते वाहन. पूर्वी तट्टाच्या पाठीवर खुर्जी असे, आता मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकतात. बियाणे, खताचा पुडा, पंपाचे सामान, पोरांचा खाऊ, सारे त्यातच.

पण पिशवी चांगली घेऊनही ती एका हंगामात फाटते, ही तक्रार बऱ्याच घरांतून ऐकू येते. दोष बहुधा पिशवीचा नसतो. गाडीला मागून कॅरियर, लोखंडी गार्ड किंवा कॅनचे आकडे बसवले जातात आणि त्यांचे बोल्ट, पट्ट्यांच्या धारा पिशवीला रोज थोडे थोडे कापत राहतात. जू खडबडीत असले की बैलाच्या खांद्याला आवाळू येते, तसाच हा प्रकार. इलाजही तोच. जखम झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा घासणारी जागा आधी काढावी.

नवीन वस्तू बसवण्यापूर्वी रिकामी पिशवी गाडीवर टाका आणि जिथे लोखंड टेकते तिथे खडूने खूण करा. मग पिशवीत नेहमीचे ओझे भरा. भरलेली पिशवी फुगते आणि खाली ओढली जाते, म्हणून रिकाम्या पिशवीवर भरवसा ठेवू नका. आता दोघांनी गाडीवर बसावे आणि तिसऱ्याने खाली वाकून पाहावे. ओझ्याने गाडी दबली की मागचे चाक वर येते. उभ्या गाडीला मोकळी दिसणारी पिशवी खड्ड्यात चाकाला किंवा साखळीच्या कव्हराला लागते, ती अशी.

वेल्डिंगवाल्याला तीन गोष्टी सांगा. पट्टीच्या धारा कानशीने गोल कराव्यात. बोल्टचे डोके पिशवीकडे आणि नट व आट्यांचे टोक पलीकडे यावे. तसे जमत नसेल तर जादा टोक कापून वर टोपीचा नट बसवावा. गाडीवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि पिशवी काढून लांब ठेवावी. एक ठिणगी रेक्झिनला भोक पाडते. पिशवी जिथे टेकते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा पट्टीवर घट्ट गुंडाळावा. पिशवीलाच भोक पाडून बोल्ट मारायचा असेल तर आतून-बाहेरून रुंद वायसर आणि मध्ये रबर घालावे, नाहीतर ओझ्याने भोक फाटत जाते.

बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. पिशवी त्याच्यापासून निदान चार बोटे दूर राहिली पाहिजे. दहा मिनिटे गाडी चालवून पिशवीच्या आतल्या अंगाला हात लावून पाहा. चटका बसला तर पिशवी वर घ्या किंवा मध्ये लोखंडी जाळी बसवा. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबराची पाटी झाकली जाऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिशवीला जागा व्हावी म्हणून डाव्या बाजूचे साडीगार्ड काढून टाकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाप्रमाणे मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे संरक्षण हवे. मागे बसणारीचा पदर चाकात जाऊ नये म्हणूनच हा नियम आहे. पिशवी फाटली तर दुसरी आणता येते; पदर चाकात गेला तर घरची लक्ष्मी रस्त्यावर पडते. पिशवीच्या पट्ट्यांची लोंबती टोकेही अशीच घात करतात. ती गुंडाळून बांधा.

ओझे दोन्ही बाजूंना सारखे भरा, जड वस्तू तळाशी ठेवा. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते. ती बाजूच्या पिशवीत कोंबण्याची वस्तू नव्हे. गाडीचे पुस्तक सांगते त्यापेक्षा जास्त वजन लादू नका. खत हवेतील ओल ओढून घेते आणि त्याने लोखंड गंजते, म्हणून खत नेल्यावर पिशवी धुऊन सावलीत वाळवा.

कीटकनाशकाची बाटली खाऊ, धान्य किंवा पेंडीच्या पिशवीत कधीही ठेवू नका. कीटकनाशक नियम, १९७१ यांनीही खाद्यपदार्थ व पशुखाद्याशी तिचा संपर्क येऊ देण्यास मनाई केली आहे. आत आलेल्या बोल्टच्या टोकाने बाटलीला चीर पडली तर वास येईपर्यंत घरी कळतही नाही. बाटली वेगळ्या डब्यात, उभी आणि झाकण घट्ट लावून न्या.

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे होऊ नये. ट्यूबचा तुकडा घरातच पडलेला असतो आणि पाहणीला अर्धा तासही लागत नाही. पेरणीच्या घाईत हे सुचणार नाही. म्हणून येत्या सवडीच्या दिवशी गाडी सावलीत उभी करा, हातात खडू घ्या आणि घरच्या मंडळींनाही पाहायला बोलवा.