गुदमरलेली गाठ अधिक चिवट

सातारा-सांगली भागात सकाळची मिश्री, शेतावरचा तंबाखू-चुना आणि टपरीवरचा मावा यांचे कुणाला नवल वाटत नाही. तोंडात चट्टा उठतो, जखम होते. पण दुखत नाही म्हणून ती महिनोन्महिने अंगावर काढली जाते. त्या काळात आत काय घडते हे कळले, तर कुणी वाट पाहणार नाही.

रक्तवाहिनीतला प्राणवायू पेशींमध्ये फार तर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंत पोहोचतो. गाठ रक्तपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढली की आतल्या पेशी गुदमरतात. पण सगळ्या मरत नाहीत. पेशीत ‘एचआयएफ’ नावाचे प्रथिन सतत तयार होते आणि पुरेसा प्राणवायू असेल तर लगेच नष्टही होते. प्राणवायू घटला की ते साठते आणि अनेक जनुके जागी करते. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी प्राणवायूवाचून साखरेवर तग धरतात, आसपास पसरू लागतात. उंच डोंगरावर शरीराला सावरणारी ही यंत्रणा कर्करोग स्वतःसाठी राबवतो. ती उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले.

सुपारीमुळे तोंडाचे अस्तर ताठ होते, तोंड उघडेनासे होते. त्या आजारातही रक्तपुरवठा घटतो आणि हे प्रथिन वाढलेले आढळते.

याची किंमत उपचारात मोजावी लागते. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला किरणांची मात्रा अडीच ते तीनपट लागते. म्हणून गाठ लहान असतानाच सापडणे महत्त्वाचे.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे; ती कडकपणे राबवायलाच हवी. पण मिरजेसारखे वैद्यकीय केंद्र हाकेच्या अंतरावर असूनही गाठ वाढल्यावरच रुग्ण येणार असेल, तर मोठ्या यंत्रांचा उपयोग मर्यादितच. तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीत रक्तदाब-साखरेसोबत तोंडाची तपासणीही आहे. ती कागदावर खूण करून उरकू नये. बॅटरीच्या उजेडात गाल, जीभ, जिभेखालची जागा खरोखर पाहावी. मिश्री लावणाऱ्या बायकांना आशाताईंनी आवर्जून बोलावून आणावे.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी एकही दिसले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. दुखण्याची वाट पाहू नये.