सोपवणाऱ्या आईच्या बाजूने

पोटातलं बाळ आपल्याला वाढवता येणार नाही, हे जिला कळून चुकलंय तिला ते बोलून दाखवायला आजही फारशी जागा नाही. घरी बोलली तर आकाशपाताळ एक होतं. दवाखान्यात बोलली तर आधी लग्नाचं विचारतात, तेही सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात. मग ती गप्प बसते, ओढणी पसरून घेते, कसाबसा नववा महिना गाठते. आणि एके सकाळी पेपरात येतं : झुडपात अर्भक सापडलं, निर्दयी मातेचा शोध सुरू. त्या बातमीआधीचे महिने कुणी छापत नाही. आमची चळवळ त्या महिन्यांसाठी आहे.

आम्ही परिचारिका आहोत, समुपदेशक आहोत, दत्तक घेतलेले आईबाप आहोत, दत्तक जाऊन मोठे झालेले आहोत. बाळ सोपवलेल्या आयाही आमच्यात आहेत आणि या जाहीरनाम्यावर पहिला शब्द त्यांचा आहे.

हे काम महाराष्ट्राला नवं नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने तिथे यावं, गुपचूप सुखरूप बाळंत व्हावं. मूल सोबत न्यायचं की तिथेच ठेवायचं हे तिने ठरवावं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. यशवंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. काशीबाईंचं पुढे काय झालं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आम्ही विचारणार आहोत, आजच्या प्रत्येक काशीबाईबद्दल.

कायदा तिच्या विरोधात नाही, हे तिला कुणी सांगतच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तिला बाळ जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे सोपवता येतं. आधी समुपदेशन, मग समर्पणपत्र, आणि त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने. तेवढ्यात मन बदललं तर बाळ परत मागण्याचा हक्क तिचाच. तिचं नाव गुप्त राहतं. नवरा असेल तर त्याचीही सही लागते, आणि नवऱ्याला टाळून गुपचूप काही करू पाहणाऱ्या बाईला हे आधीच कळायला हवं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. हेही आम्ही तिच्यापासून लपवणार नाही.

आणखी एक गोष्ट लपवणार नाही. वीस आठवड्यांपर्यंत, आणि काही परिस्थितींत चोवीसपर्यंत, गर्भपाताचा मार्ग कायद्याने खुला आहे. लग्न न झालेल्या बाईलाही ती चोवीस आठवड्यांची मुदत नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. मुदत शिल्लक असताना हा मार्ग दडवून तिला दत्तकाकडे वळवणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही चांगल्या हेतूने होवो. आम्ही कुणाला ‘बाळ दे’ म्हणणार नाही आणि ‘ठेव’ही म्हणणार नाही. राहायला खोली, खायला दोन वेळचं आणि लहानग्याला सांभाळणारं कुणी मिळालं, तर बाळ ठेवीन असं सांगणाऱ्या किती तरी जणी असतात. त्यांना समर्पणपत्राची गरज नाही, त्या खोलीची आहे. ती शोधणं हे आमचं पहिलं काम.

आम्हाला सर्वांत जास्त राग आहे तो बाळंतपणाच्या खाटेजवळ घोटाळणाऱ्या हितचिंतकांचा. बाळासाठी हजारो दांपत्यं वर्षानुवर्षं यादीत थांबलेली असतात, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. ‘चांगलं घर आहे, बिल तेच भरतील, तू मोकळी होशील.’ पैशाने बाळाचा व्यवहार करणं हा गुन्हा आहे, आणि दवाखान्यातलाच माणूस त्यात असेल तर त्याला किमान तीन वर्षं कैद आहे. असा निरोप घेऊन येणाऱ्याला आम्ही दारातच अडवू.

आणि त्यानंतरचं? बाळ गेलं तरी दोनतीन दिवसांत पान्हा फुटतो. छाती दगडासारखी होते, ब्लाऊज भिजतो, ताप भरतो, आणि तिला वाटतं आपल्याला शिक्षा मिळतेय. अशा वेळी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, दुखणं सोसवेनासं झालं तर थोडंसंच दूध काढावं, ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवावं, एवढं सांगणारं माणूससुद्धा तिच्याजवळ नसतं. फाइल बंद झालेली असते. आमच्या लेखी ती बाई तेव्हाही बाळंतीणच आहे. तिला सव्वा महिना विश्रांती, डिंकाचा लाडू आणि रडायला मोकळीक मिळालीच पाहिजे.

म्हणून शासनाकडे आमचं मागणं असं : प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात गरोदरपणातच बोलायला समुपदेशक हवी, दार लावून बसता येईल अशी खोली हवी, आणि सोपवणाऱ्या आईच्या तब्येतीची विचारपूस फेरविचाराचे ते दोन महिने संपल्यावरही चालू राहायला हवी. पेपरवाल्यांनी ‘निर्दयी’ हा शब्द टाकावा.

आमच्यात येणाऱ्याने सुरुवात अशी करावी. बाल कल्याण समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसावं असा नियम आहे. आपल्या जिल्ह्यातली समिती कुठे आणि किती वाजता बसते ते स्वतः जाऊन पाहून यावं. गावातल्या आशाताईंकडे आपला नंबर देऊन ठेवावा. फोन आला तर तिचं नावही विचारू नये. कितवा महिना आहे आणि आज रात्री झोपायला जागा आहे का, एवढं विचारावं आणि निघावं.