घर आणि यंत्र : सहा हजारांची केबल

गेल्या महिन्यात भाईजान एक डबा घेऊन घरी आले. आत मखमली पिशवीत एक मीटर लांबीची केबल. सीडी प्लेअरमधील आवाज डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्रापर्यंत नेणारी. किंमत सहा हजार रुपये.

"दुकानदाराने दोन दिवस वापरायला दिलीय. म्हणतो, आवाज खुलेल."

केबल लावली. भाईजान लगेच म्हणाले, "बघ, तबला किती मोकळा वाजतोय!" खरे सांगते, मलाही तसेच वाटले. आमची जुनी केबल अडीचशे रुपयांची होती.

पण जरा विचार करू या. सीडीवर आवाज आकड्यांत नोंदलेला असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, शिवाय डावी आणि उजवी अशा दोन बाजू. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. ते जसेच्या तसे पलीकडे पोहोचवणे एवढेच केबलचे काम. फोन नंबर महागड्या पेनाने लिहिला म्हणून फोन वेगळ्या माणसाला लागत नाही, तसेच हे. केबल खरोखर खराब असेल तर कटकट ऐकू येते, आवाज मध्येच तुटतो किंवा बंद पडतो. तबला घट्ट किंवा मोकळा होत नाही.

आकडे बरोबर आले तरी त्यांची वेळ किंचित मागेपुढे होऊ शकते. तिला जिटर म्हणतात. मात्र आजचे अनेक डॅक आलेले आकडे पुन्हा नीट वेळेवर लावून घेतात.

मग आम्हाला फरक का वाटला? कारण कोणती केबल लावली आहे हे आम्हाला माहीत होते.

म्हणून माझ्या लेकीने परीक्षा घेतली. यंत्रापुढे चादर धरली. दर वेळी नाणे उडवून केबल ठरवली आणि तीच केबल पुन्हा आली तरी काढून लावली. गाणे तेच, आवाजाची पातळीही तीच. असे दहा वेळा. नुसत्या अंदाजानेही पाचच्या आसपास उत्तरे बरोबर येतात. नऊ किंवा दहा येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. भाईजानचे पाच आले, माझे चार. सर्वांत जास्त, सहा, अम्मींचे. आणि त्या तर स्वयंपाकघरातून ऐकत होत्या!

मग केबल घेताना पाहायचे काय? कोअॅक्सिअल केबल ७५ ओहमची असावी आणि टोके घट्ट बसावीत. टीव्ही जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागला, तर ऑप्टिकल केबल लावून पाहा. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. त्यामुळे दोन यंत्रांमधला विजेचा दुवा तुटतो आणि घरघर बऱ्याचदा थांबते. फक्त ती तीव्र कोनात वाकवू नका.

केबल परत गेली. भाईजान थोडे हिरमुसले. मग रविवारी आम्ही दोघांनी कपाटावर कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर खाली उतरवले, भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर मांडले आणि तेच गाणे लावले.

अम्मी आतून म्हणाल्या, "आता काय नवीन आणलंत?"